शंभर मीटर

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकं होती. एकाचा पाय मोडला होता, म्हणून ते भिंतीला टेकवून त्यावर जुन्या फायलींचे सात गठ्ठे रचले होते. दुसऱ्यावर पाच माणसं बसली होती. डावीकडून पहिली राजश्री मगदूम, मग तिची आई, मग जमिनीच्या दाव्यासाठी आलेले एक म्हातारे आजोबा, मग त्यांची पिशवी मांडीवर घेतलेला त्यांचा मुलगा, आणि शेवटी संग्राम थोरवत.

राजश्री फिर्यादी होती. संग्राम आरोपी होता. दोघांमध्ये तीन माणसं आणि एक पिशवी.

"अहो हवालदार, त्याला तिकडं उभा करा की," मी म्हणाले.

"कुठं करू मॅडम?" हवालदार मुल्ला म्हणाले. "उन्हात उभा केला तर त्याचे वकील म्हणणार, आरोपीचा छळ केला. बाक एकच हाय."

संग्रामनं माझ्याकडं बघून हात जोडले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. तो राजश्रीकडं अजिबात बघत नव्हता. राजश्री मात्र आपल्या उजव्या मनगटाकडं बघत होती. प्लास्टर काढून महिना झाला होता, तरी हात अजून किंचित वाकडाच दिसत होता.

मी तेव्हा नवी होते. केमिस्ट्रीची पदवी घेतली, मग घरच्यांशी भांडून कायदा शिकले आणि तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकील बाबर सरांच्या हाताखाली काम शिकत होते. सर मला नावानं हाक मारायचे नाहीत. "आमची प्रयोगशाळा आली का?" असं विचारायचे.

राजश्री दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दुधाचं फॅट तपासायची. संग्राम वर्षभर तिच्या मागं होता. तिची गाडी निघाली की त्याची निघायची. तिनं नंबर बदलला की दोन दिवसांत नव्या नंबरवर त्याचा फोन यायचा. एका पहाटे त्यानं तिची स्कूटी अडवली आणि ती बोलेना म्हणून तिचा हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं. अटक झाली आणि पंधरवड्यात जामीन झाला. जामिनाच्या आदेशात अट होती: आरोपीने फिर्यादीच्या राहत्या घरापासून व कामाच्या ठिकाणापासून शंभर मीटरच्या आत येऊ नये.

घराकडं तो फिरकला नाही. पण केंद्रासमोर रस्त्यापलीकडं एक चहाचं हॉटेल होतं. तिथं तो रोज सकाळी येऊन बसायचा आणि बसून राहायचा. त्याचा जामीन रद्द करा, असा आमचा अर्ज होता. त्या दिवशी त्यावर सुनावणी होती.

"आज काय होईल मॅडम?" राजश्रीनं मला विचारलं.

"अर्ज मंजूर व्हायला पाहिजे. सरळ गोष्ट आहे."

"सरळ असती तर व्हरांड्यात एकाच बाकावर बसवलं असतं का?" तिची आई म्हणाली.

राजश्रीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मॅडम, आमच्या मॅनेजरनी सांगितलंय. या महिन्यात हे मिटलं नाही तर घरी बस म्हणाले. मी कंत्राटी आहे. दुसरी मुलगी ठेवणार आहेत."

"तुला का घरी बसवायचं?"

"दूध घालायला येणारी माणसं त्याच्याकडं बघतात आणि मग माझ्याकडं बघतात. मॅनेजर म्हणतात, केंद्राचं नाव खराब होतंय. थोरवतांच्या घरचं रोजचं साठ लिटर दूध येतं. ते नाव खराब होत नाही."

पुकारा झाला.

बाबर सर उभे राहिले. तो रोज येतो, केंद्रासमोर बसतो, आणि आरशानं खोलीत कवडसा पाडतो, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या मोटारसायकलचा आरसा सुटा केलेला होता. आरसा हातात धरून तो उन्हाचा तुकडा तिच्या खोलीत टाकायचा. तो भिंतीवरून, मशीनवरून आणि तिच्या तोंडावरून फिरवायचा. मशीनवरचे आकडे तिला दिसायचे नाहीत.

आरोपीचे वकील शिरगुप्पे उठले. उंच, गोरे आणि मिठ्ठास बोलणारे. ते न्यायाधीशांना म्हणाले, "मॅडम, माझ्या अशिलावर आता सूर्यप्रकाशाचाही गुन्हा दाखल करायचा आहे का? रस्त्यावरून दिवसाला हजार गाड्या जातात. प्रत्येकीला दोन आरसे असतात."

मी सरांच्या कानाशी वाकले. "सर, खोलीचं दार पश्चिमेला आहे. सकाळी आत ऊन येऊच शकत नाही. आणि जाणाऱ्या गाडीचा कवडसा क्षणात जातो, भिंतीवर थांबत नाही."

सरांनी ते न्यायाधीशांना सांगितलं. मॅडम वयानं तरुण होत्या, लक्ष देऊन ऐकायच्या. त्यांनी राजश्रीला विचारलं, "केवढा असतो हा कवडसा?"

"दोन पराती मावतील एवढा. फिकट असतो. पण हलत राहतो."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आरशाचा कवडसा जितका लांब पडेल तितका पसरतो; शंभरेक मीटरवर तो एक मीटरहून थोडा मोठा व्हायला हवा. दोन पराती बरोबर होत्या.

"त्यानं अटीचा भंग केला हे पोलिसांच्या पंचनाम्यात आहे ना?" मॅडमनी विचारलं.

सरांनी पंचनामा पुढं केला. मॅडमनी वाचला आणि पुन्हा वाचला.

"यात लिहिलंय, आरोपी अंदाजे शंभर मीटर अंतरावर बसलेला मिळून आला."

शिरगुप्पे हसू दाबत कागद सारखे करायला लागले.

"आत यायचं नाही, असा आदेश आहे," मॅडम म्हणाल्या. "शंभरावर बसलाय असं तुमचेच पोलीस म्हणतात."

मी मागं वळून मुल्लांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

नंतर बाहेर मी त्यांना गाठलं. "तुम्ही मोजलं होतं का?"

"मॅडम, आदेशात शंभर लिहिलेलं. पंचनाम्यात दुसरा आकडा घातला तर साहेब विचारतात, हा कुठनं आणला? म्हणून आदेशातलाच घातला. कागदाला कागद जुळला पाहिजे."

"पण त्यानं तो निर्दोष ठरतो!"

"ते आमच्या ध्यानात आलं न्हाई," मुल्ला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं आणि त्यामुळं मला ओरडताही येईना.

पण ते नंतर. कोर्टात सरांनी लगेच विनंती केली की दोन्ही वकिलांसमोर टेप लावून अंतर मोजावं. मॅडम तयार झाल्या. मग प्रश्न आला, मोजायचं कुठून?

"फाटकापासून," सर म्हणाले. "केंद्राची हद्द तिथं सुरू होते."

"कसं काय?" शिरगुप्पे म्हणाले. "केंद्राची जागा दोन एकर आहे मॅडम. तिच्यात गुरांचा गोठा आहे, डिझेलची टाकी आहे, लिंबाची झाडं आहेत. फिर्यादी लिंबाच्या झाडावर काम करते का? आदेशात 'कामाचे ठिकाण' असा शब्द आहे. ती प्रत्यक्ष जिथं बसून काम करते ते तिचं ठिकाण. तिचं टेबल. माझा अशील कायदा पाळणारा माणूस आहे, त्याला नेमकं कळायला नको का?"

सर बराच वेळ बोलले. अट कशासाठी असते, ती बाई रोज त्या फाटकातून जाते-येते, असं सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सरकारी वकील, तुमचं म्हणणं मला पटतं. पण जामीन रद्द करणं म्हणजे माणसाला तुरुंगात घालणं आहे. आदेशाचा शब्द संदिग्ध असेल तर त्याचा फायदा मला आरोपीला द्यावा लागेल. फिर्यादी प्रत्यक्ष जिथं बसून काम करते, तिथून मोजा."

"असा आदेश लिहिला कुणी?" बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं.

"कुणी नाही. साचा आहे. आधीच्या आदेशात असतं ते पुढच्यात येतं." त्यांनी कोट काढून हातावर घेतला. "शंभर मीटर का, ते शंभर मीटर कुठून, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शिरगुप्प्यानं विचारलं. उद्या तू विचारशील."

मोजणी गुरुवारी झाली. बांधकाम खात्यातून तीस मीटरची टेप आणली होती. तिच्या टोकाची कडी तुटली होती, म्हणून मुल्लांनी तिथं सुतळी बांधली. मी म्हणाले, सुतळीपासून मोजलं तर चूक येईल, शून्याची खूण टेबलाच्या कडेला धरा. शिरगुप्पे म्हणाले, "लोहार मॅडम, प्रयोगवही आणलीय ना? निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष?"

"आणलीय," मी म्हणाले. "तुम्ही दुसरं टोक धरा. ओढू नका, ताणली की टेप लांब होते."

राजश्री टेबलाशी उभी होती. समोर फॅटचं मशीन, कपातले दुधाचे नमुने, खिडकी आणि उघडं दार. दारातून सरळ रेषेत फाटक, फाटकापलीकडं रस्ता आणि रस्त्यापलीकडं हॉटेल. हॉटेलात आतल्या बाजूला संग्राम लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. तो उठला नाही. त्याला उठायला कोणी सांगितलंही नव्हतं, कारण तो जिथं बसतो तिथपर्यंतच मोजायचं होतं.

तीस-तीस मीटरचे टप्पे टाकत टेप दारातून बाहेर आली, अंगण ओलांडून फाटकाशी आली. फाटकाशी मी थांबले.

"इथला आकडाही नोंदवा."

"हरकत," शिरगुप्पे म्हणाले. "कोर्टाचा आदेश टेबलापासूनचा आहे. फाटकाचा आकडा कोर्टाला नको."

मुल्लांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पेन खिशात ठेवलं.

रस्त्यावर टेप आडवी धरली तेव्हा उसाचे दोन ट्रॅक्टर थांबवावे लागले. पुढचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर कोपर ठेवून ओरडला, "काय मालक, रस्ता विकायलाय का? आमच्यासाठी बी एक गुंठा ठेवा!"

लोक हसले. संग्रामही हसला. टेपचं टोक खुर्चीच्या पायाशी आलं तेव्हा तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "उगंच उन्हात त्रास घेतला मॅडम. मी मोजूनच बसतो."

आकडा आला एकशे तेरा मीटर चाळीस सेंटीमीटर.

अर्ज फेटाळला गेला. अट बदलून मिळावी म्हणून सरांनी दुसरा अर्ज दिला. शिरगुप्प्यांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली, मिळाली. पुढची तारीख महिना उलटून गेल्यावरची पडली.

"तोवर माझी जागा गेलेली असणार," राजश्री म्हणाली. आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला होता.

"साक्ष देशील ना?" मी विचारलं. मलाच माझा आवाज आवडला नाही. खटला उभा राहायचा तर तिची साक्ष हवी होती, आणि मी त्या क्षणी तेवढाच विचार करत होते.

"घरी बसल्यावर कशाला देऊ? जिंकून मला काय मिळणार? तो हॉटेलात बसणार, मी घरात बसणार."

"बस झालं आता," आई म्हणाली. "माझ्या भावानं मिरजेला एक स्थळ बघितलंय. जाऊ दे तिकडं."

"आई, थांब जरा." राजश्री माझ्याकडं वळली. "मॅडम, त्या दिवशी न्यायाधीश बाई काय म्हणाल्या, ते परत सांगा. जसं म्हणाल्या तसंच."

"फिर्यादी प्रत्यक्ष जिथं बसून काम करते, तिथून मोजा."

"लिहून दिलंय का तसं?"

"आदेशात आहे. का?"

"असंच." ती पायऱ्या उतरली. खाली पोचल्यावर पुन्हा वर बघून म्हणाली, "त्यांच्या वकिलांनीच मागितलं होतं ना हे?"

"हो."

तिनं मान हलवली आणि आईला स्कूटीवर बसवून गेली. मला वाटलं, ती हरलेल्या केसचा शब्द न् शब्द आठवणीत ठेवू बघतेय. मीही तेच करत होते. त्या आठवड्यात मला कशातच रस वाटेना. सरांच्या फायली लावताना मी एक टाचणी इतकी जोरात दाबली की ती वाकली. सर म्हणाले, "प्रयोगशाळेत स्फोट झाला वाटतं."

"सर, आपण बरोबर आहोत हे सगळ्यांना कळतंय. मॅडमना कळतंय. शिरगुप्प्यांना तर सगळ्यात जास्त कळतंय. तरी काहीच होत नाही."

"हं," सर म्हणाले. "चहा घे."

सोमवारी सकाळी मुल्लांचा फोन आला. "मॅडम, केंद्रावर या. बाबर सरांनाबी आणा. शिरगुप्पे वकिलांना मी फोन केलाय, ते निघालेत."

"काय झालं? काही केलं का त्यानं तिला?"

"न्हाई न्हाई. तुम्ही या. आणि येताना टेप घिऊन या. ती तुमच्याकडंच ऱ्हायलीय."

आम्ही सरांच्या गाडीतून गेलो. केंद्राच्या आधीच गर्दी दिसली. दुधाचे कॅन घेतलेल्या माणसांची रांग आज अंगणात नव्हती, रस्त्याच्या कडेनं लागली होती. मी गाडीतून उतरले.

फाटकाच्या खांबाला लागून टेबल होतं. टेबलावर फॅटचं मशीन. त्याची वायर जोडून जोडून आतून अंगणभर लांबवली होती आणि जोडावर प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या. वर ताडपत्री बांधली होती. टेबलामागं राजश्री बसली होती. एका हातानं कप लावत होती, वाकड्या मनगटाच्या हातानं आकडे लिहीत होती.

"तीन पॉइंट नऊ," ती समोरच्या म्हातारीला म्हणाली. "मावशी, परवापेक्षा चांगलं आलंय."

मॅनेजर घामाघूम होऊन बाजूला उभे होते. सरांना बघताच जवळ आले. "मी न्हाई म्हणत होतो साहेब. पण म्हणाली, या महिन्यापुरतं मला जिथं बसायचंय तिथं बसू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं करते. वर दूध घालणारेच म्हणाले, बरं झालं, कॅन आत वाहायला नको. मग काय करतो?"

"लेखी दिलंय का तसं?" सरांनी विचारलं.

"शनिवारी तिनंच सही घेतली माझी. चाचणीचं टेबल फाटकावर हलवलं म्हणून. एक प्रत पोलिसांना, एक त्यांच्या वकिलांना."

सरांनी मुल्लांकडं बघितलं. मुल्ला म्हणाले, "पोचलीय साहेब. आणि आज तो आला, तसं दोन पंच घिऊन मी स्वतः गेलो त्याच्याकडं. म्हटलं, बाबा, ती आता इथं बसत्या. तुझं अंतर मोडतंय. ऊठ आणि घरी जा. नऊ वाजता सांगितलं, परत साडेनवाला सांगितलं."

"मग?"

"तुम्हीच बघा की."

मी रस्त्यापलीकडं बघितलं. संग्राम रोजच्या जागी नव्हता. त्यानं लाल खुर्ची आतून उचलून हॉटेलच्या अगदी पुढं, गटाराच्या फरशीवर आणून ठेवली होती आणि तिच्यावर पायावर पाय टाकून बसला होता. आरसा आज मांडीवर पालथा पडला होता. आज त्याला आरशाची गरज नव्हती. तो सरळ तिच्याकडं बघत होता आणि हसत होता, जसा लग्नात वर हसतो.

शिरगुप्प्यांची गाडी येऊन थांबली. ते उतरले, टेबल बघितलं, रांग बघितली आणि मग पलीकडं आपल्या अशिलाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं मिठ्ठास हसू गेलं.

"संग्राम!" ते रस्त्याच्या मधूनच ओरडले. "ऊठ तिथनं! मी तुला शनिवारीच फोनवर सांगितलं होतं ना, हॉटेलकडं फिरकू नको म्हणून?"

"मी का उठू?" संग्राम बसल्या जागेवरून म्हणाला. "मी कुठं गेलोय? मी माझ्या जागेवर हाय. तीच आली माझ्याकडं. सगळ्या गावानं बघितलं, तीच आली!"

रांगेतलं कोणी हसलं नाही. राजश्रीनं मान वर केली नाही. तिनं पुढचा कप मशीनला लावला, पण थोडं दूध टेबलावर सांडलं. मागं उभ्या असलेल्या तिच्या आईनं पदरानं ते पुसलं.

"शिरगुप्पे साहेब," बाबर सर म्हणाले, "कुठून मोजायचं?"

शिरगुप्प्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि टेपचं टोक हातात घेतलं.

मुल्लांनी शिट्टी वाजवून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. मी शून्याची खूण टेबलाच्या कडेला, राजश्रीच्या कोपराशी धरली. तिनं वही जरा बाजूला सरकवून मला जागा करून दिली. टेप रस्त्यावरून पलीकडं गेली. तीस मीटरची टेप पुरी उलगडावीही लागली नाही. मुल्ला खाली वाकले, खुर्चीच्या पुढच्या पायाशी बोट ठेवलं, दोन्ही पंचांना दाखवलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"एकवीस मीटर, सत्तर सेंटीमीटर."